वाचकांचे प्रश्न: बाळाचा श्वास आणि ती शेपटीवाली पिशवी

मागच्या अंकात लहान मुलांना भूल कशी देतात यावर लिहिलं होतं, त्यावर आलेले बरेचसे प्रश्न औषधांबद्दल नव्हते तर वस्तूंबद्दल होते, म्हणजे मास्क, पिशव्या, नळ्या वगैरे. मला फार बरं वाटलं, कारण लहान मुलांच्या भुलीची खरी गोष्ट मला तरी या वस्तूंमध्येच दिसते. त्यातले काही प्रश्न इथे घेतेय.

डॉक्टर, माझ्या पाच महिन्यांच्या मुलीच्या दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन झालं. सगळं नीट पार पडलं. पण आत नेल्यावर भूलतज्ज्ञांच्या हातात एक छोटीशी मऊ पिशवी होती आणि तिला मागे चक्क भोक होतं, त्यातून हवा जात होती. शेजारी एवढं मोठं मशीन असताना ही फाटकी पिशवी का? मनातून जातच नाहीये. – एक आई

ताई, पिशवी फाटकी नव्हती, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं आणि तुमच्या मुलीच्या वयाला ते मोठ्या मशीनपेक्षा कमी उपयोगाचं नाही, उलट भूल चढताना आणि उतरताना मी स्वतः तीच पिशवी हातात घेते. का ते सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

नुकतं जन्मलेलं तीन किलोचं बाळ एका श्वासात साधारण २० मिलिलिटर हवा आत घेतं, म्हणजे चार छोटे चमचे. त्यातली सहाएक मिलिलिटर नाक, घसा, श्वासनळी एवढ्यातच अडकते, फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचतच नाही, तिला आम्ही डेड स्पेस म्हणतो. उरली चौदा. आता याच बाळाच्या तोंडावर तुम्ही मोठ्या माणसाचा मास्क, जाड नळ्या आणि झडपा लावल्या आणि त्यात आणखी दहा मिलिलिटर जागा तयार झाली तर बाळ आपलीच सोडलेली हवा परत परत आत ओढत राहणार. आणि झडप उघडायला जोर लागतो, तो जोर मोठ्या माणसाला जाणवतही नाही पण बाळाच्या बरगड्या अजून मऊ असतात, ते काही मिनिटांत दमतं. त्यात बाळाला किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि साठा मात्र थोडा, त्यामुळे श्वास अडला की ते फार लवकर निळं पडतं.

१९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला फिलिप आयर नावाचे भूलतज्ज्ञ होते. ते ओठ आणि टाळू दुभंगलेल्या बाळांना भूल द्यायचे आणि ही तक्रार त्यांना रोज दिसायची, ऑपरेशन चांगलं व्हायचं पण बाळ दमून, काळवंडून बाहेर यायचं. त्यांनी काय केलं तर झडपा काढूनच टाकल्या. इंग्रजी टी अक्षरासारखी एक धातूची नळी, तिचं एक टोक बाळाच्या श्वासनळीतल्या ट्यूबला, बाजूच्या फांदीतून ताजा गॅस आत येतो, आणि दुसरं टोक सरळ मोकळं. बाळ श्वास सोडतं तो त्या मोकळ्या टोकाकडे जातो, दोन श्वासांच्या मधल्या क्षणात ताजा गॅस ती नळी धुऊन काढतो, पुढचा श्वास परत ताजा. बस, एवढंच, त्यात हलणारा एकही भाग नाही. १९३७ मध्ये त्यांनी हे छापलं. आणि तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय की आयर स्वतः दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेले होते. ज्या बाळांसाठी त्यांनी ही नळी केली ती बाळं त्यांना परकी नव्हती.

तुम्ही पाहिलेली पिशवी या नळीला नंतर जोडली गेली, त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात येतंय. तुमच्या मुलीच्या ट्यूबबद्दल मात्र इथेच सांगते, कारण ओठाच्या ऑपरेशनला सर्जनला जागा हवी असते तोंडाचीच आणि आमची ट्यूबही नेमकी तिथेच. सरळ ट्यूब तोंडातून वर येते, मग वाकते, दुमडते, सर्जनच्या हाताला लागते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला रिंग, अडेअर आणि एल्विन यांनी १९७५ मध्ये आधीच वळण दिलेली ट्यूब आणली, ती तोंडातून बाहेर आली की लगेच हनुवटीवरून खाली वळते. तिघांच्या आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून आम्ही तिला रे ट्यूब म्हणतो. अशा ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. अडचण एकच, वळण ठरलेल्या जागी असतं, त्यामुळे बाळ वयाच्या मानाने लहान किंवा मोठं असेल तर ट्यूब जास्त आत किंवा कमी आत जाऊ शकते, म्हणून छाती दोन्ही बाजूंनी ऐकूनच पुढे जायचं.

मॅडम, मी भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. रोज 'जेआर आण', 'जेआर लाव' ऐकते, मॅपल्सन एफ वगैरे पाठ केलंय, पण हा जॅक्सन रीस माणूस होता कोण? एक पिशवी जोडली एवढ्यावर एवढं नाव? – एक विद्यार्थिनी

प्रश्न आवडला मला, कारण आम्ही शिकत होतो तेव्हा जेआर म्हणजे फक्त एक सर्किट, श्वास द्यायच्या नळ्या-पिशव्यांची एक जोडणी होती, माणूस कोणी सांगितलाच नाही.

गॉर्डन जॅक्सन रीस, जन्म १९१८, ऑस्वेस्ट्रीचा, डॉक्टर झाले लिव्हरपूलला आणि महायुद्धानंतर तिथेच सेसिल ग्रे यांच्या भूलशास्त्र विभागात आले. तो काळ समजून घे. मुलांना भूल म्हणजे तोंडावर कापड किंवा जाळी आणि त्यावर ईथरचे थेंब, पोट उघडायचं असेल तर स्नायू सैल पडेपर्यंत ईथर खोल खोल द्यायचं, आणि खोल ईथरमध्ये नवजात बाळाचा श्वासही मंदावतो, रक्तदाबही जातो, आणि जाग यायला फार वेळ. लिव्हरपूलला ग्रे यांनी मोठ्या माणसांत क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरायला सुरुवात केली होती, १९४६ मध्ये त्यांचा आणि हॉल्टन यांचा पेपर आला. कल्पना अशी की एकाच औषधाने सगळं करायला जाऊ नका, झोप वेगळी, वेदना दाबणं वेगळं, स्नायू सैल करणं वेगळं, प्रत्येकाला थोडं थोडं औषध आणि श्वास आपण द्यायचा. रीस यांनी हे नवजात बाळात नेलं. डिसेंबर १९५० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा नवजात बाळाच्या भुलीवरचा लेख आला, ती पिशवी त्यातच आहे.

आता पिशवीचं बघ. स्नायू सैल केले की श्वास थांबला, मग तो द्यायचा कसा? आयरच्या नळीत मोकळं टोक अंगठ्याने बंद करायचं, गॅस साठून फुप्फुस फुगलं की अंगठा काढायचा. पण अंगठ्याला काहीच कळत नाही, किती दाब गेला, फुप्फुस मऊ आहे की कडक, आणि अर्धा सेकंद जास्त धरलं तर फुप्फुस फाटायची भीती. रीस यांनी त्या मोकळ्या टोकाला एक छोटी पिशवी लावली जिची शेपटीही उघडीच. करंगळी आणि अनामिकेत शेपटी हलकेच चिमटीत धरायची, उरलेल्या बोटांनी पिशवी दाबायची. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर पिशवी हलताना दिसते, तूही देऊ शकतेस, दोन्हीच्या मध्ये नुसता थोडा दाब धरून ठेवू शकतेस, त्यासाठी काहीही बदलावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे हाताला कळतं, ट्यूब दुमडली, कफ साठला, सर्जनने फुप्फुसावर हात टेकला, हे मॉनिटरवर आकडा बदलायच्या आधी बोटांना लागतं. मी हे वाचून नाही सांगत, रोजचं आहे. १९५४ मध्ये मॅपल्सन यांनी सर्किटांची ए ते ई अशी वर्गवारी केली, ते कार्डिफचे भौतिकशास्त्रज्ञ होते बरं का, डॉक्टर नव्हते, आणि रीस यांच्या पिशवीचं एफ अक्षर त्यात १९७५ मध्ये जोडलं गेलं.

आणि एवढ्यावरच नाव नाही झालं. १९५३ मध्ये लिव्हरपूलच्या आल्डर हे हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, जगातला पहिला, इसाबेला फोर्शल आणि पीटर रिकहॅम हे त्यामागचे सर्जन. अन्ननलिका तुटलेली, आतडी अडकलेली अशी बाळं तिथे यायला लागली, आणि अशा बाळाचं ऑपरेशन मुळात करता येतं हे सर्जनच्या सुरीइतकंच टेबलाच्या डोक्याशी बसलेल्या माणसावर अवलंबून होतं. पुढे ऑपरेशननंतर कित्येक दिवस श्वास द्यायची वेळ आली तेव्हा एवढ्याशा गळ्याला छेद देण्यापेक्षा नाकातून ट्यूब ठेवावी असं जगात दोन-तीन ठिकाणी लोक म्हणायला लागले होते, त्यात रीसही होते, १९६६ मध्ये ओवेन-थॉमस यांच्याबरोबर त्यांनी नाकातल्या ट्यूबवर श्वास द्यायची आपली पद्धत छापली. २००१ मध्ये ते गेले.

एक गोष्ट मात्र तुला स्पष्ट सांगते कारण तू पुढे हेच करणार आहेस. लिव्हरपूल पद्धतीत नवजात बाळाला नायट्रस ऑक्साइड हा हलक्या भुलीचा गॅस आणि स्नायू सैल करणारं औषध एवढ्यावर ठेवलं जायचं, आणि ती सवय जगभर पसरली, वेदनेचं औषध बाळाला फारसं लागत नाही असं धरून चाललं गेलं. १९८७ मध्ये ऑक्सफर्डहून कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुदतपूर्व बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदना दाबणारं औषध दिलं तर शरीरावरचा ताण खूप कमी होतो. म्हणजे न हलणारं बाळ शांत असतंच असं नाही. रीस यांच्या पिशवीला मी मनापासून मानते, पण त्या काळच्या औषधांच्या हिशोबाला नाही, तूही दोन्ही वेगळं ठेव.

माझ्या मुलाला लावलेला मास्क काळा, चपटा, नाकाच्या जागी वळण असलेला होता, कडेला हवेची गादीच नव्हती. जुना होता का? – एक बाबा

डिझाइन जुनं आहे, पण अजून वापरतात, आणि कारण वर आलंच आहे, डेड स्पेस. लेस्ली रेंडेल-बेकर आणि सूचेक यांनी मुलांच्या चेहऱ्यांचे साचे घेऊन त्या आकाराचे मास्क केले, १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गादीवाला मास्क गोल फुगीर असतो, चेहरा आणि मास्क यांच्यामध्ये पोकळी राहते, हा मात्र चेहऱ्याला जवळजवळ चिकटून बसतो. नीट धरायला जमावं लागतं, जरा हात हलला की कडेने गॅस निसटतो, आणि काळ्या रबरातून ओठांचा रंग दिसत नाही की उलटी झालेली कळत नाही, त्यामुळे माझं मत विचाराल तर मला आता पारदर्शक मास्कच बरा वाटतो, थोडी पोकळी वाढली तरी ताज्या गॅसचा झोत वाढवून ती भरून काढता येते. रेंडेल-बेकर यांचं याहून मोठं काम लोकांना माहीतच नाही, ट्यूब कुठल्या मटेरियलच्या असाव्यात, त्याने श्वासनळीला इजा होते का हे आधी तपासलं पाहिजे यासाठी अमेरिकेत जी कमिटी होती, झेड ७९ नावाची, तिचं काम त्यांनी बरीच वर्षं पुढे नेलं. ट्यूबवर ती अक्षरं छापलेली असायची.

माझा नातू दोन महिने आधी जन्मला, त्याला सीपॅपवर, म्हणजे फुप्फुसात सतत थोडा दाब टिकवणाऱ्या यंत्रावर ठेवलं होतं. नर्सताई म्हणाल्या हे एका भूल देणाऱ्या डॉक्टरने शोधलं. खरं का? – एक आजोबा

खरं आहे आजोबा. जॉर्ज ग्रेगरी, सॅन फ्रान्सिस्को. मुलांचे भूलतज्ज्ञ.

लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून एक द्रव लागतो, तो अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाच्या शेवटी त्या मिटून जातात आणि पुढच्या श्वासाला परत सगळं उघडावं लागतं, कोरा फुगा फुगवताना पहिली फुंकर जशी जड जाते तशी प्रत्येक फुंकर. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने दोन दिवसांत गेला. देशातले सगळे उपाय हाताशी असून.

अशी बाळं कण्हतात, तुम्ही नातवाचं ऐकलंही असेल. ते कण्हणं म्हणजे बाळ श्वास सोडताना स्वरतंतू अर्धवट मिटून हवा आत अडवून धरतं, पिशव्या मिटू नयेत म्हणून, कोणी न शिकवता. १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की श्वासनळीत ट्यूब घातली की बाळाला कण्हता येत नाही आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो, ट्यूब काढली की परत सुधारतो. म्हणजे बाळाला मदत म्हणून घातलेली ट्यूब त्याचा स्वतःचा उपाय हिरावून घेत होती. ग्रेगरींनी यातून धागा पकडला की बाळ जे कण्हून करतंय ते आपण बाहेरून करू या, श्वास बाळाचाच, आपण फक्त शेवटी दाब टिकवायचा. आणि भूलतज्ज्ञाच्या हाताशी काय होतं? तीच टी नळी आणि तीच पिशवी, शेपटी थोडी आवळली की दाब टिकतो. १९७१ मध्ये त्यांनी २० बाळांवरचा अनुभव छापला, १६ जगली. तोपर्यंत अशी गंभीर बाळं बहुतेक हातची जायची. काही बाळांना ट्यूबऐवजी डोक्याभोवती बंद पेटी लावून दाब दिला होता, आता नाकातल्या छोट्या नळ्यांनी देतात. नातवाला आशीर्वाद.

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा आठ वर्षांखालच्या मुलाला कफ, म्हणजे ट्यूबभोवतीचा फुगवायचा फुगा, नसलेलीच ट्यूब असं पक्कं सांगितलं होतं. आता नवजात बाळालाही कफवाली घालतात. आधीचं चूक होतं का? – एक सिस्टर

सिस्टर, चूक म्हणणार नाही, त्या काळच्या ट्यूबला ते बरोबरच होतं. मुलांची श्वासनळी नरसाळ्यासारखी, सगळ्यात अरुंद जागा स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइड नावाच्या कूर्चेच्या कड्यात, म्हणून ट्यूब तिथे आपोआप घट्ट बसेल आणि कफ लागणार नाही, हे सगळं १९५१ च्या एकेनहॉफ यांच्या लेखातून आलं. त्यांनी ते घेतलं होतं १८९७ मधल्या बायो यांच्या मोजमापांवरून, आणि ती मोजमापं मृत मुलांच्या श्वासनळ्यांच्या साच्यांची होती. खुद्द एकेनहॉफ यांनी लिहिलं होतं की जिवंत मुलाला हे तंतोतंत लागू होईलच असं नाही, ते वाक्य पुस्तकांत उतरताना गळलं. २००३ मध्ये लिटमन आणि सहकाऱ्यांनी श्वास घेणाऱ्या मुलांचे एमआरआय बघितले, तर आडवी सगळ्यात अरुंद जागा निघाली स्वरतंतूंपाशी. तरी क्रिकॉइड महत्त्वाचं आहेच, कारण स्वरतंतू बाजूला सरकतात, हे कडं सरकत नाही.

इथे सूज का भितीदायक तेही सांगते. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली तर उरतो दोन मिलिमीटरचा रस्ता, म्हणजे पाऊण भाग बंद, आणि हवेला होणारा अडथळा सोळा पट. मोठ्या माणसाच्या आठ मिलिमीटरला तेवढीच सूज आली तर अडथळा तिप्पट. जुन्या कफवाल्या ट्यूब मोठ्यांच्याच लहान केलेल्या होत्या, कफ जाड, लांब, चुकीच्या जागी, कधी स्वरतंतूंमध्येच फुगायचा. झुरिकच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या मार्कुस वाइस आणि गेर्बर यांनी आधी बाजारातल्या ट्यूब मोजून त्यांतले दोष दाखवले आणि मग अतिशय पातळ, आखूड, टोकाजवळ बसणारा कफ असलेली ट्यूब पुढे आणली. २००९ मध्ये युरोपातल्या २४ केंद्रांतल्या पाच वर्षांपर्यंतच्या २२४६ मुलांचा अभ्यास आला. ट्यूब काढल्यावर घरघर कफवाल्या आणि बिनकफवाल्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच, ४.४ आणि ४.७ टक्के. पण माप चुकलं म्हणून ट्यूब बदलावी लागली ती कफवाल्यांत २.१ टक्के मुलांत आणि बिनकफवाल्यांत ३०.८ टक्के. दर तिसऱ्या मुलाच्या गळ्यात दुसऱ्यांदा ट्यूब घालायची हाही त्रासच ना, तो आम्ही इतकी वर्षं त्रास म्हणून मोजतच नव्हतो. फक्त कफचा दाब मोजा, २० सेंटिमीटर पाण्यापर्यंतच ठेवा, बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, बोट फसवतं.

मापाचं सूत्र विचारलंय आणखी एकीने: वयाला चारने भागून चार मिळवायचे, ते बिनकफवाल्या ट्यूबचं माप मिलिमीटरमध्ये, कफवालीला त्यातून अर्धा कमी. चार वर्षांच्या मुलाला पाच, नाहीतर साडेचार. एक वर्षाखाली हे सूत्र वापरायचं नाही, आणि वरचं-खालचं माप उघडून जवळ ठेवायचंच.

सर्किटला जोडायची स्वस्त पिशवी-टी नळी बनवायचा माझा कॉलेज प्रोजेक्ट आहे. डॉक्टर म्हणून तुम्ही काय बघाल? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

आधी एक पुरा दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहा, परवानगी घेऊन, आणि भूलतज्ज्ञाचा हात बघ, चेहरा नाही. मग मॉडेल बनव.

मी पहिल्यांदा विचारेन आत किती मिलिलिटर जागा आहे, पाणी भरून मोज. दुसरं, श्वास सोडायच्या बाजूला अडथळा किती, आणि तो ताज्या गॅसचा झोत वाढवल्यावर किती होतो, कारण हे सर्किट चालतं ते भरपूर झोतावर, बाळ स्वतः श्वास घेत असेल तर मिनिटाला घेत असलेल्या हवेच्या दोन-तीन पट. तो सगळा गॅस शेवटी खोलीत जातो, भूल देणाऱ्याच्याच नाकात, ही या डिझाइनची जुनी उणीव आहे, तिच्यावर काही सुचलं तर मला खरंच कळव. तिसरं, शेपटी पिळली गेली किंवा चादरीखाली दबली तर काय होतं? दाब चढत जातो आणि थांबवायला कोणी नाही, तिथे काहीतरी सुटका हवी, पण अशी की तिने हाताची जाणीव मारता कामा नये.

आणि जोड. सगळ्या ट्यूबचा जोड १५ मिलिमीटरचा, नवजात बाळापासून मोठ्यापर्यंत तोच, त्यामुळे कुठलंही कशालाही बसतं, हे वरदान आहे आणि धोकाही. २००१ मध्ये टोकियोत एका बाळाच्या गळ्याला छेद देऊन बसवलेल्या ट्यूबला जॅक्सन रीस सर्किट जोडलं, टी च्या आत ताज्या गॅसची नळी लांब पुढे आलेली होती, ती त्या ट्यूबच्या अरुंद जोडात जाऊन बसली आणि श्वास बाहेर यायची वाटच बंद झाली. गॅस आत जात राहिला. बाळ गेलं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी ठीक होत्या. म्हणून तुझ्या प्रोजेक्टमध्ये बाजारात मिळतील तेवढ्या बाळांच्या ट्यूब आण, गळ्यातल्याही, प्रत्येकीला तुझी टी जोड आणि आत गेलेली हवा बाहेर येते का ते बघ, त्याचा तक्ता रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाक, किंमत आणि थ्रीडी प्रिंटचे फोटो नंतर आले तरी चालतील.